कर्नल ग्रीन यांचे जहाज

देवमासा म्हटला की आपल्या घरांतून पहिली आठवण होते ती योना संदेष्ट्याची. पवित्र शास्त्रात वास्तविक 'मोठा मासा' एवढेच शब्द आहेत. त्याचा देवमासा चित्रकारांनी आणि धर्मशिक्षणाच्या पुस्तकांनी केला. योनाच्या कथेत मासा माणसाला गिळतो. आम्ही आज जी हकिकत सांगणार आहोत तीत मात्र माणसाने माशाला गिळले आहे, आणि तेही अशा प्रमाणात की त्यावर एक संपूर्ण शहर श्रीमंत झाले. त्या श्रीमंतीचा एक वारसदार, आणि तिची एकमेव तरंगती खूण वाचविणारा गृहस्थ, म्हणजे कर्नल एडवर्ड हॉवलंड रॉबिन्सन ग्रीन.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यू बेडफर्ड नावाचे बंदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते जगातील देवमाशांच्या शिकारीचे सर्वांत मोठे केंद्र होते. १८५७ साली या एका बंदराची ३२९ जहाजे या धंद्यात होती. ज्या काळी विजेचा दिवा नव्हता आणि खनिज तेल जमिनीखालीच होते, त्या काळी युरोप-अमेरिकेतील घरे, रस्ते आणि दीपगृहे देवमाशाच्या तेलावर उजळत. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यात जो मेणासारखा पदार्थ सापडतो त्याच्या मेणबत्त्या धूर करीत नसत, म्हणून श्रीमंतांच्या मेजांवर त्यांना मान होता. दुसऱ्या काही जातींच्या माशांच्या जबड्यातील लवचिक पट्ट्या स्त्रियांच्या कमरेच्या तंग कपड्यांत व छत्र्यांच्या काड्यांत जात. पॅरिसच्या बायकांची कंबर बारीक दिसावी म्हणून आर्क्टिक समुद्रात माणसे गारठून मरत होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या धंद्याचे मालक बहुतेक क्वेकर पंथाचे होते. साधा करडा पोशाख, मितभाषण, युद्धाला विरोध, गुलामगिरीचा तिटकारा आणि व्यापारात विलक्षण काटेकोरपणा ही या लोकांची लक्षणे. माणसावर शस्त्र उचलणे ज्यांना पाप वाटे, त्यांना समुद्रातील त्या अवाढव्य, उष्ण रक्ताच्या, पिलांना दूध पाजणाऱ्या प्राण्यावर भाला फेकणे पाप वाटले नाही. त्या काळात ते कोणालाच वाटत नव्हते, म्हणून त्यांना एकट्यांना दोष देणे न्याय्य होणार नाही. तथापि ही विसंगती नोंदवून पुढे जावे, हे बरे.

खलाशांना पगार नसे. मिळकतीतील वाटा असे. आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना वाट्याची पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. फरक प्रमाणाचा. कप्तानाला सुमारे आठवा-दहावा हिस्सा, तर नवख्या पोराला दोनशेवा किंवा त्याहून कमी. तीन-चार वर्षांच्या सफरीनंतर कपडे, तंबाखू आणि उचल यांचे पैसे वजा जाता पुष्कळांच्या हाती फुटकी कवडीही उरत नसे. या जहाजांवर अझोर्स व केप व्हर्द बेटांवरील पोर्तुगीज बोलणारे कॅथलिक मोठ्या संख्येने चढत. न्यू बेडफर्डमध्ये १८७१ साली त्यांच्यासाठी संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाने धर्मग्राम स्थापन झाला. उत्तर अमेरिकेतील पोर्तुगीज भाषकांचा तो पहिला धर्मग्राम. जहाजांच्या नोंदवह्यांतील त्या खलाशांची आडनावे वाचताना वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला आपल्याच धर्मग्रामाची बाप्तिस्मा-नोंदवही उघडल्याचा भास व्हावा.

हॉवलंड हे न्यू बेडफर्डमधील धनाढ्य क्वेकर घराणे. 'आयझॅक हॉवलंड ज्युनियर आणि कंपनी' ही त्यांची पेढी. या घराण्यातील अ‍ॅबी हॉवलंड हिच्याशी एडवर्ड मॉट रॉबिन्सन यांनी लग्न केले आणि पेढीचा कारभार आपल्या हाती घेतला. त्यांची मुलगी हेटी, जन्म १८३४. ही मुलगी पुढे 'वॉल स्ट्रीटची चेटकीण' या अनुदार नावाने जगभर ओळखली गेली.

१८६५ साली हेटीचे वडील वारले आणि त्याच वर्षी तिची अविवाहित मावशी सिल्व्हिया अ‍ॅन हॉवलंड हीही वारली. मावशीने सुमारे वीस लाख डॉलरपैकी निम्मी संपत्ती धर्मादाय कार्यांना व इतरांना ठेवली होती. हेटीने जुने मृत्युपत्र पुढे केले, आणि त्यासोबत एक जादा पान, ज्यावर मावशीची सही होती. ही सही खरी की मूळ सहीवरून गिरविलेली, असा वाद उभा राहिला. हार्वर्डचे गणितज्ञ बेंजामिन पियर्स यांना साक्षीला बोलावण्यात आले. त्यांनी मावशीच्या ४२ सह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, प्रत्येक सहीतील खाली ओढलेल्या ३० रेघा मोजल्या, आणि दोन सह्या निसर्गतः इतक्या तंतोतंत जुळण्याची शक्यता २६६६ वर अठरा शून्ये दिल्यास जी संख्या होते तितक्यांत एक आहे, असे सांगितले. संख्याशास्त्राच्या इतिहासात ही साक्ष आजही उद्धृत केली जाते. न्यायालयाने १८६८ साली हेटीचा दावा फेटाळला खरा, परंतु सहीच्या प्रश्नाला हात न लावता, एका कायदेशीर तांत्रिक मुद्द्यावर.

तोवर हेटीचे लग्न एडवर्ड हेन्री ग्रीन या व्यापाऱ्याशी झाले होते आणि उभयता लंडनला गेली होती. तेथे २२ ऑगस्ट १८६८ रोजी मुलगा झाला. त्याच्या नावात मातृकुळाची दोन्ही नावे, हॉवलंड आणि रॉबिन्सन, जडविण्यात आली. घरात त्याला नेड म्हणत.

हेटीने वारशाची रक्कम रेल्वे, रोखे, जमिनी आणि कर्जव्यवहार यांत गुंतवून अनेक पटींनी वाढविली. तिच्याइतकी हिशेबी बुद्धी त्या काळच्या पुरुषांतही क्वचित होती. १९०७ च्या आर्थिक संकटात खुद्द न्यूयॉर्क शहराला तिने ११ लाख डॉलर कर्जाऊ दिले. मात्र राहणे भाड्याच्या साध्या खोल्यांत, अंगावर वर्षानुवर्षे तोच काळा पोशाख. नेडचा पाय लहानपणी दुखावला. आई त्याला जुन्यापान्या कपड्यांत धर्मार्थ दवाखान्यांतून फिरवीत राहिली, आणि तिची ओळख पटताच डॉक्टरांनी फी मागितली, तेव्हा ती तेथून निघून गेली, अशी हकिकत तिच्या चरित्रकारांनी दिली आहे. तिचा रंग थोडा गडद केला गेला असावा, कारण श्रीमंत बाईची निंदा वर्तमानपत्रांत चांगली खपते. परंतु पाय बरा झाला नाही आणि तरुण वयात तो गुडघ्याच्या वरून कापावा लागला, यात शंका नाही. पुढील सारे आयुष्य नेड कृत्रिम पायावर चालला. उंची सहा फूट चार इंच, आणि वजन पुढे तीनशे पौंडांच्या घरात.

त्याचे शिक्षण न्यूयॉर्कच्या फोर्डम येथील येशूसंघीयांच्या कॉलेजात झाले. घराणे क्वेकर, पण मुलाला शिकवायला जेझुइट फादर! हेटीने या निवडीतही कोणता हिशेब केला होता हे सांगता येत नाही. त्यानंतर १८९३ साली आईने त्याला टेक्सासमध्ये टेरेल गावी पाठविले आणि टेक्सास मिडलंड ही मोडकळीस आलेली रेल्वे त्याच्या स्वाधीन केली. येथे या मुलाचे खरे गुण दिसून आले. त्याने रूळ व पूल सुधारले, डब्यांत विजेचे दिवे आणले आणि त्या रेल्वेला राज्यातील नावाजलेल्या रेल्वेंच्या पंक्तीत नेऊन बसविले. राजकारणातही तो पडला. गव्हर्नरांनी त्याला मानद कर्नल केले आणि ते बिरूद त्याला कायमचे चिकटले. ज्याने कधी लढाई पाहिली नाही आणि ज्याला दोन पाय नव्हते, तो कर्नल.

१९१६ साली हेटी वारली. सुमारे दहा कोटी डॉलरची संपत्ती मुलगा नेड आणि मुलगी सिल्व्हिया यांना मिळाली. नेड तेव्हा ४७ वर्षांचा होता. आईच्या हयातीत त्याने लग्न केले नव्हते. पुढच्याच वर्षी त्याने मेबल हार्लो या आपल्या जुन्या मैत्रिणीशी विवाह केला. आणि मग आईने न खर्चिलेला पैसा मुलाने खर्चावयास सुरुवात केली.

त्याच्या संग्रहांच्या कथा टपाल तिकिटे व नाणी जमविणाऱ्यांना तोंडपाठ आहेत. १९१८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने विमानाचे चित्र उलटे छापलेल्या २४ सेंटच्या शंभर तिकिटांचा एक ताव चुकून विकला. तो ताव कर्नलने २०,००० डॉलरला घेतला, फोडून बहुतेक तिकिटे विकली आणि एक तिकीट पत्नीच्या गळ्यातील लॉकेटात बसविले. १९१३ चे स्वातंत्र्यदेवीचे चित्र असलेले निकेलचे नाणे जगात फक्त पाच आहे. ती पाचही एके काळी त्याच्याजवळ होती. दुर्मिळ वस्तू दिसली की ती सबंधच्या सबंध घ्यावयाची, हा त्याचा खाक्या. मोठेपणी खेळणी हाती आलेल्या मुलासारखे त्याचे वर्तन होते, आणि त्याचे बालपण ध्यानात घेता आम्हांला त्याचा राग येत नाही.

न्यू बेडफर्डजवळ साउथ डार्टमथ येथे राउंड हिल ही हॉवलंड घराण्याची जुनी शेतजमीन होती. मावशी-भाचीचे तंटे जेथे रंगले तेच हे ठिकाण. कर्नलने तेथे समुद्रकाठी दगडी प्रासाद बांधला. नभोवाणी केंद्र काढले, विमानतळ केला, ध्वनिवर्धक लावून लोकांना संगीत ऐकविले, आणि आपला किनारा सर्वांना विनामूल्य खुला ठेवला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शास्त्रज्ञांना त्याने जागा व साधने दिली. व्हॅन डी ग्राफ यांचे प्रचंड विद्युत्-जनित्र १९३३ साली त्याच्याच हवाई जहाजाच्या शेडमध्ये उभे राहिले. ते आज बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. २१ जुलै १८४१ रोजी न्यू बेडफर्ड येथे हिलमन बंधूंच्या गोदीतून 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' हे शिडाचे जहाज पाण्यात उतरले. नाव पहिल्या मालकाचे, तोही क्वेकरच. लांबी शंभर फुटांहून थोडी अधिक, तीन डोलकाठ्या, खलाशी तीस-पस्तीस. दोन्ही बाजूंना टांगलेल्या लहान होड्या, आणि मध्ये विटांची भट्टी व लोखंडी कढया. मासा दिसला की होड्या खाली सोडीत. हाताने भाला फेकला जाई, मासा होडी ओढीत पळे, आणि दमला की त्याला ठार करीत. मग जहाजाच्या कडेला बांधून त्याची चरबी केळीच्या सालीसारखी सोलून काढीत आणि कढयांत वितळवून पिंपे भरीत. रात्री समुद्रावर पेटलेल्या त्या भट्ट्यांचा धूर आणि दुर्गंधी दुरूनच जाणवे, असे सांगतात.

मॉर्गनने ८० वर्षांत ३७ सफरी केल्या. एकूण ५४,४८३ पिंपे तेल आणि दीड लाख पौंडांहून अधिक जबड्याच्या पट्ट्या आणल्या. या आकड्यामागे किती मासे मेले हे वाचकांनी मनाशी ताडावे. सोबतीची जहाजे एकामागून एक बुडाली, जळाली किंवा मोडीत गेली. १८७१ च्या सप्टेंबरात अलास्काच्या उत्तरेस बर्फाने एका हंगामात ३३ जहाजे गिळली. १२१९ माणसे मात्र सारी वाचली. ही आपत्ती येण्यापूर्वीच, १८५९ साली, पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली होती आणि धंद्याचे भवितव्य ठरून गेले होते. देवमाशाला वाचविण्यात त्या काळी पहिला हातभार लागला तो रॉकेलचा. दयाबुद्धी फार नंतर आली.

मॉर्गनची शेवटची शिकारी सफर १९२१ साली संपली. कप्तान गोन्साल्विस आडनावाचा होता. यानंतर 'डाउन टु द सी इन शिप्स' या १९२२ च्या मूकपटात काम करून हे म्हातारे जहाज धक्क्याला कुजत पडले. हॅरी नेलंड नावाच्या चित्रकाराने ते वाचविण्यासाठी दारोदार खटपट केली, पण शहरातील श्रीमंतांनी कानांवर हात ठेवले. कर्नलनेही आधी नकारच दिला होता. १९२४ च्या जूनअखेरीस बंदरात 'सँकटी' नावाच्या आगबोटीला आग लागली, तिचे दोर तुटले आणि ती जळत जळत मॉर्गनच्या अंगावर आली. जहाज होरपळले, पण वाचले. त्याच ऑगस्टमध्ये 'वाँडरर' हे दुसरे जुने शिकारी जहाज सफरीवर निघताच वादळात कटीहंक बेटाच्या खडकांवर फुटले. आता मॉर्गन तेवढे उरले होते.

कर्नलचे मन वळविणारी गोष्ट जुन्या कागदपत्रांत निघाली. १८४९ पासून दहा वर्षे या जहाजाचे प्रमुख मालक एडवर्ड मॉट रॉबिन्सन होते, आणि त्यांच्यानंतर काही वर्षे आयझॅक हॉवलंड यांची पेढी. म्हणजे जहाज कर्नलच्या सख्ख्या आजोबांचे! ज्या पैशाचे कोटी झाले त्यातील काही अंश याच कढयांतून निघाला होता. जगातील दुर्मिळ वस्तू विकत घेणाऱ्या या माणसाला प्रथमच अशी वस्तू भेटली जी विकत घेण्याआधीपासून त्याची होती.

१९२५ साली 'व्हेलिंग एनश्राइंड' नावाची संस्था स्थापन झाली. मॉर्गनला ओढत राउंड हिलला आणून, भोवती काँक्रीटची भिंत बांधून वाळूत बसविले गेले. कर्नलच्या पैशाने डोलकाठ्या, दोर, होड्या, कढया सारे पूर्ववत झाले. जॉर्ज फ्रेड टिल्टन या निवृत्त कप्तानाला रखवालीस ठेवले. हा तोच टिल्टन, जो १८९७-९८ च्या हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या जहाजांसाठी मदत आणण्यास अलास्कातून सुमारे तीन हजार मैल पायी गेला होता. सहलीला आलेल्या मुलांना तो डेकवर उभा राहून जुन्या कथा सांगे, आणि तिकीट नसे. कर्नलच्या सर्व संग्रहांतून आम्हांला हाच एक संग्रह खरा वाटतो, कारण तिकिटे आणि नाणी कपाटात बंद होती, जहाजावर मात्र कोणाचेही पोर चढू शकत होते.

परंतु या उदार माणसाने एक गोष्ट केली नाही. ८ जून १९३६ रोजी लेक प्लॅसिड येथे तो वारला, तेव्हा त्याने जहाजाच्या देखभालीसाठी एक डॉलरही राखून ठेवलेला नव्हता. याच शहरात एमिली बोर्न नावाच्या बाईने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ १९१६ मध्ये 'लगोडा' या शिकारी जहाजाची अर्ध्या आकाराची प्रतिकृती बांधून दिली होती, ती इमारतीसह. ती छपराखाली आजही जशीच्या तशी उभी आहे. कर्नलजवळ खरे जहाज होते, पण त्याला छप्पर फक्त कर्नलच्या आयुष्याचे होते.

त्याच्या मागे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. टेक्सास, फ्लॉरिडा, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स ही चार राज्ये, कर्नल आमचाच रहिवासी होता, असे म्हणत वारसाकरासाठी भांडू लागली. चौघांचा आणि केंद्र सरकारचा कर एकत्र धरला तर सारी इस्टेट देऊनही तो फिटला नसता! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९३९ साली निकाल मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने लागला. न्यायालयाने राउंड हिल हेच त्याचे घर ठरविले. वकील भांडत असता मॉर्गन वाळूत उघडे पडले होते. २१ सप्टेंबर १९३८ च्या भयंकर वादळाने त्याचे आणखी हाल केले. मंदीच्या काळात वर्गणीही जमेना.

शेवटी कनेटिकट राज्यातील मिस्टिक येथील सागरी इतिहास संस्थेने ते पत्करले. वाळू उपसून, भोके बुजवून जहाज तरंगविण्यात आले आणि ८ नोव्हेंबर १९४१ रोजी ते मिस्टिकला पोहोचले. पुढच्याच महिन्यात पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका युद्धात पडली. आणखी चार आठवडे उशीर झाला असता तर शतायुषी लाकडी जहाजाकडे पाहण्यास कोणाला सवड मिळती ना!

बहीण सिल्व्हियाने राउंड हिल १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला देऊन टाकले. ती १९५१ साली निपुत्रिक वारली आणि उरलेली संपत्ती शाळा, इस्पितळे, चर्चेस यांच्यात वाटली गेली. मावशीच्या मृत्युपत्रातील धर्मादाय भाग आपल्याला मिळावा म्हणून हेटी भांडली होती; शेवटी तिची स्वतःची संपत्तीही अशी बहुतांशी धर्मादायाकडेच गेली. राउंड हिलचा प्रासाद १९६४ साली न्यू इंग्लंडच्या येशूसंघीयांनी विकत घेतला. वरच्या मजल्यांवर तपसाधनेसाठी ६४ खोल्या पाडण्यात आल्या आणि तळमजल्यावर प्रार्थनामंदिर झाले. फोर्डमच्या जुन्या विद्यार्थ्याच्या दिवाणखान्यात काही वर्षे मिस्सा होत राहिली. १९७० मध्ये फादरांनी तो प्रासाद सोडला.

मिस्टिकला मॉर्गनची अनेकदा डागडुजी झाली. १९६६ साली त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. तोवर देवमाशांची गणना करण्याची वेळ आली होती, कारण विसाव्या शतकातील यांत्रिक शिकारीने, तोफेतून सुटणाऱ्या भाल्यांनी आणि तरंगत्या कारखान्यांनी, शिडाच्या जहाजांना कधी जमला नाही इतका संहार केला होता. व्यापारी शिकार थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव १९८२ मध्ये झाला. मॉर्गनची मोठी दुरुस्ती २००८ साली सुरू झाली आणि २०१३ मध्ये, १८४१ च्या त्याच तारखेला, २१ जुलै रोजी, जहाज पुन्हा पाण्यात उतरले.

२०१४ च्या उन्हाळ्यात त्याने अडतिसावी सफर केली. ९० हून अधिक वर्षांनी त्याची शिडे वाऱ्याने भरली. न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर त्याचे स्वागत करण्यास लोक लोटले. पुढे बोस्टनच्या बाहेरील स्टेलवॅगन बँक या संरक्षित समुद्रक्षेत्रात जहाज नेण्यात आले. तेथे देवमासे जवळ आले. जहाजावरून जुन्या पद्धतीची एक होडी पाण्यात सोडण्यात आली. तीत वल्हेकरी बसले होते, भाला मात्र कोणाच्याही हाती नव्हता.